टाका नाही, पण जखम आहे

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर दोन आठवडे होत आले की मला फोन येतो. "सिस्टर, लघवी अगदी साफ झाली होती, आज पुन्हा लाल दिसतेय." नोकरीची सगळी वर्षं मिरज-सांगलीच्या वॉर्डांत गेली, त्यातली बरीचशी मूत्रविकाराच्या वॉर्डात. आता निवृत्त होऊन सांगलीत विश्रामबागला राहते, तरी हे फोन थांबलेले नाहीत. कुणाच्या सासऱ्यांचं असतं, कुणाच्या चुलत्यांचं. मी आधी एवढंच विचारते, "काल काय उचललं?" पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. मग कळतं, गॅसचा सिलिंडर सरकवला होता, विहिरीवरची मोटर चढवली होती, नातवाला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली होती.

गेल्या गळीत हंगामात हे आमच्याच घरात झालं. आण्णा, माझे थोरले भाऊ, सातारा जिल्ह्यात रहिमतपूरजवळ शेती करतात. रात्री चार-चारदा उठणं, धार बारीक होणं, करून आलं तरी पुन्हा लागल्यासारखं वाटणं, हे सगळं त्यांनी वयावर ढकललं होतं. टॅम्सुलोसिनची गोळी चालू होती. ती गोळी नळीभोवतीचे स्नायू सैल करते, गाठ लहान करत नाही. शेवटी सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही मूत्राशयात पाव लिटरच्या आसपास लघवी उरलेली दिसली, तेव्हा मी हट्टानं त्यांना सांगलीला आणलं. तेही ऊस गेल्यावर.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून असलेली ग्रंथी. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम. चाळिशीनंतर ती आतल्या बाजूनं वाढायला लागते आणि साठीतल्या निम्म्याहून अधिक पुरुषांत ही वाढ सापडते. वाढ झाली म्हणजे कर्करोग झाला असं मुळीच नाही. आणि गाठ किती ग्रॅमची यापेक्षा ती नळीला किती दाबते, यावर त्रास ठरतो. लहान गाठीनं पूर्ण लघवी तुंबलेले लोक मी पाहिलेत, आणि मोठ्या गाठीसह निवांत झोपणारेही.

आपल्याकडं याला सरसकट दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात. कमरेखालचा भाग बधिर करून लघवीच्या वाटेनंच दुर्बीण आत जाते. जुन्या पद्धतीत, म्हणजे टीयूआरपीत, विजेच्या तारेच्या कडीनं गाठ आतून खरवडत काढतात. ती आजही उत्तम चालते, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत येते. आण्णांचं झालं होल्मियम लेझरनं. ही पद्धत न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी नव्वदच्या दशकात रूढ केली. संत्र्याच्या फोडी सालीपासून सोडवाव्यात तशी वाढलेली गाठ तिच्या कवचापासून सोडवायची, मूत्राशयात ढकलायची, तिथं बारीक करून ओढून घ्यायची. कवच जागेवर राहतं. पोटावर ओरखडासुद्धा नाही.

नेमकं तिथंच सगळं अडतं. "कुठं कापलंय ते दाखव की मला," आण्णा दुसऱ्याच दिवशी म्हणाले.

पूर्वी हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं ते १८९४ साली, आणि तेव्हापासून आमचा हा भाग शस्त्रक्रियेसाठी लांबलांबच्या लोकांना माहीत झाला. त्या काळात प्रोस्टेटसाठी बहुतेकांच्या वाट्याला कायमची नळीच यायची. सर पीटर फ्रेयर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दोन दशकं हिंदुस्थानात काम करून लंडनला परतलेले सर्जन. ओटीपोट आणि मूत्राशय उघडून, बोटानं गाठ कवचातून सोडवून काढलेल्या आपल्या रुग्णांची हकिगत त्यांनी १९०१ साली प्रसिद्ध केली. गाठ सोडवण्याची ती कल्पना आजच्या लेझरमध्येही आहे, फक्त बोट गेलं. पोट उघडून होणारं हे ऑपरेशन नंतरही बरीच वर्षं चाललं. त्या रुग्णाच्या पोटावर टाके असायचे, पट्टी असायची. घरची माणसं पट्टीकडं बघून त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायची नाहीत. आता बघायला पट्टीच नाही. पण गाठ निघाली ती जागा आतून सगळी उघडी असते, तिच्यावरून दिवसातून कितीदा तरी लघवी वाहते, आणि ती भरून यायला सहा आठवडे तरी लागतात. माझ्या मते आमच्या डिस्चार्ज कार्डावर हे वाक्य औषधांच्याही वर लिहायला हवं.

पहिले एक-दोन दिवस तीन तोंडांची नळी असते. एका तोंडातून सलाईनचं पाणी आत जातं, दुसऱ्यातून लघवी आणि रक्त धुऊन बाहेर येतं, तिसऱ्यातून नळी आत अडकून राहावी म्हणून फुगा भरतात. हा फुगा मूत्राशयाच्या तळाशी टेकतो, त्यामुळं पिशवीत लघवी येत असूनही रुग्णाला जोराची लागल्यासारखं वाटतं. मध्येच मूत्राशय आवळून येतं, कळ शिश्नाच्या टोकापर्यंत जाते. माणूस कुंथतो, कुंथलं की रक्त वाढतं, नळीच्या बाजूनं ओलं होतं आणि तो आणखी घाबरतो. अशा वेळी तोंड उघडं ठेवून हळूहळू श्वास सोडायचा आणि सिस्टरला हाक मारायची. त्यासाठी औषध असतं. नातेवाईकांनी पिशवीतला रंग बघावा. फिकट गुलाबी चालतो. गडद लाल, दाट, गुठळ्या असलेला दिसला किंवा पिशवीत येणं थांबलं, तर लगेच सांगावं.

नळी निघाली की घरी सोडतात, आणि खरी परीक्षा त्यानंतरची. पहिल्या काही लघव्या जळतात. लागली की थांबवत नाही. खोकला, शिंक, खाटेवरून उठणं, इतक्यानं थेंब सुटतात. आयुष्यभर पांढरं धोतर आणि पायजमा वापरलेल्या माणसाला पॅड लावायला सांगितलं की तो भिंतीकडं तोंड करतो. लेझरनं मोठी गाठ काढलेल्यांत ही गळती काही आठवडे, कधी दोन-तीन महिने टिकू शकते, आणि बहुतेकांची थांबते. आण्णांनी वहिनींनाही सांगितलं नव्हतं. वहिनींनी कपडे धुताना ओळखलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "वन्सं, हे असंच राहणार का हो?" त्यांना बसवून सगळं समजावलं, तेव्हा कुठं त्या घरात मोकळेपणानं बोलणं सुरू झालं. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर बोलतात तेव्हा बायको, सून, मुलगा, जो कुणी घरी सांभाळणार आहे त्यानं आत असावंच, असं मी कळकळीनं सांगते.

गळतीसाठी व्यायाम आहे आणि तो फुकट आहे. वारा अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच अंक मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या, पोट, नितंब घट्ट करायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. नळी असताना करू नये, आणि चालू लघवीची धार अडवून रोज सराव करू नये. खोकायच्या किंवा उठायच्या आधी क्षणभर आवळलं की थेंब अडतात.

थोडे दिवस माझ्याकडं राहून आण्णा गावी निघाले. मुलगा म्हणाला गाडीनं जाऊ. मी रेल्वेनं पाठवलं. रस्त्यावरचे धक्के एकीकडं, पण माझं कारण साधं होतं. रेल्वेच्या डब्यात संडास असतो. या दिवसांत माणसाला हवं तेव्हा आडोसा मिळाला पाहिजे, नाहीतर तो भीतीनं पाणी पिणं सोडतो.

पाणी सोडलं की लघवी दाट होते, जास्त जळते, गुठळ्या धरतात. दिवसभरात दोन-अडीच लिटर पाणी पोटात जावं, संध्याकाळनंतर कमी करावं. हृदयाचा किंवा किडनीचा विकार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं. चहा मात्र आवरावा, कारण चहा-कॉफीनं मूत्राशय चाळवतं आणि घाई वाढते. आमच्याकडं आल्यागेल्या प्रत्येकाबरोबर कप घ्यावा लागतो, त्यामुळं ही सूचना पाळणं फार जड जातं. पोट साफ राहणं तितकंच महत्त्वाचं. इसबगोल, पपई, पालेभाजी, ताक, काय मानवेल ते घ्यावं, पण संडासात कुंथू नये. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी सुरू करायच्या ते आपल्या मनानं ठरवू नये.

एवढं सांगूनही आण्णांनी करायचं ते केलंच. गडी आला नाही म्हणून दुधाचं भरलेलं कॅन उचलून मोटरसायकलला लावलं आणि डेअरीला गेले. त्या संध्याकाळी लघवी लाल झाली, रात्री गुठळ्या पडल्या आणि मग धारच बंद. ओटीपोट दगडासारखं. साताऱ्याला नेलं, तिथं मोठी नळी घालून पिचकारीनं गुठळ्या धुऊन काढल्या आणि सकाळपर्यंत रंग निवळला. आतल्या जखमेवर धरलेली खपली साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटते. तेव्हा थोडी लाली येणं अपेक्षितच असतं, पडून राहून पाणी वाढवलं की जाते. पण त्याच दिवसांत वजन उचललं, कुंथलं, मोटरसायकलवर आदळत गेलं, तर ओटीपोटातला दाब वाढून खपलीखालची शिर पुन्हा वाहते. म्हणून चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. सायकल, मोटरसायकल, ट्रॅक्टर बंद. चालणं मात्र रोज हवं.

हल्ली वाफेच्या उपचाराबद्दलही बरेच जण विचारतात. त्याचं नाव रेझूम. अमेरिकेत त्याला २०१५ साली परवानगी मिळाली, आता आपल्याकडं मोठ्या शहरांतही होतो. सुईतून नऊ-नऊ सेकंद वाफ गाठीत सोडतात, पेशी मरतात आणि शरीर त्या हळूहळू शोषून घेतं. काम थोड्या मिनिटांचं, पण बरं होणं उलट संथ. आत सूज येते म्हणून नळी काही दिवस ठेवतात, आणि पहिले दोन आठवडे त्रास आधीपेक्षाही जास्त वाटू शकतो. फरक काही आठवड्यांनी दिसू लागतो, पुरता यायला तीन महिने जातात. ज्यांना हे आधी सांगितलेलं नसतं ते पैसे वाया गेले म्हणून रडकुंडीला येतात. फार मोठ्या गाठीला हा उपचार साधारणपणे सुचवत नाहीत.

एक प्रश्न पुरुष दारातून बाहेर पडता पडता विचारतात, किंवा विचारतच नाहीत. टीयूआरपी किंवा लेझरनंतर बहुतेकांचं वीर्य संबंधाच्या वेळी बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. त्यानं अपाय होत नाही. ताठरता सहसा पूर्वीसारखीच राहते. वाफेच्या उपचारात हा बदल क्वचित होतो, त्यामुळं ज्याला मूल हवं आहे किंवा ज्याला ही गोष्ट महत्त्वाची वाटते त्यानं ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगावं. यात लाजण्यासारखं काही नाही. संबंध चार ते सहा आठवड्यांनी. नवराबायकोला एकत्र बसवून हे सांगितलं तर कितीतरी घरांतला अबोला टळतो.

थंडी वाजून ताप, वृषण सुजून दुखणं, लघवी पूर्ण बंद होणं, गुठळ्यांसह न थांबणारं रक्त, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. सातारा असो की सांगली, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या.

तीन महिन्यांनी आण्णांची धार मोजली. सेकंदाला १५ मिलीच्या वर गेली की चांगली समजतात, त्यांची त्याच्या पुढं होती. कपडे कोरडे राहू लागले होते. रात्री अजून एकदा उठावं लागतं. वर्षानुवर्षं अडथळ्याविरुद्ध जोर लावून मूत्राशयाची भिंत जाड झालेली असते, तिला शांत व्हायला कितीतरी महिने लागतात. शिवाय रात्रीच्या लघवीला साखर, पायावरची सूज, झोपताना घेतलेलं पाणी अशी इतर कारणंही असतात. आण्णांची साखर तपासली, ती वाढलेली निघाली, आता त्याचं औषध चालू आहे.

काढलेली गाठ तपासणीला जाते आणि अहवाल काही दिवसांनी येतो. तो आणायला बरेच जण जातच नाहीत, कारण लघवी व्हायला लागलेली असते. आण्णांच्या अहवालात साधी वाढ होती. पण कवच मागे राहिलेलं असतं आणि कर्करोग बहुधा त्याच बाहेरच्या भागात होतो, म्हणून पुढंही डॉक्टर सांगतील तेव्हा पीएसएची रक्ततपासणी करावी लागते. गाठ निघाल्यावर पीएसएचा आकडा बराच खाली येतो, आणि पुढची तुलना त्या नव्या आकड्याशी होते. वहिनींनी गाठीचा अहवाल आणि पीएसएचा कागद सोनोग्राफीच्या फाईलला लावून ठेवलेत, आणि पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर ऊसबिलाच्या नोंदीशेजारी लिहिली आहे.