रुग्णवाहिकेत कोण बसले आहे?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

रस्त्यावर अपघात झाला, समुद्रात कोणी बुडाले किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली, की आपण १०८ क्रमांक लावतो. पांढरी गाडी दारात उभी राहिली म्हणजे आपण सुटलो, असे आपल्याला वाटते. परंतु गाडीबरोबर नेमके कोण आले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. गाडीत मागे बसलेल्या माणसाने काय शिक्षण घेतले आहे, त्याची परीक्षा कोणी घेतली आणि त्याला कोणते उपचार करण्याची मुभा आहे, या गोष्टी देश बदलला की बदलतात, आणि आपल्या देशात तर राज्य बदलले तरी बदलतात. प्रस्तुत लेखात याचीच थोडी माहिती देण्याचा विचार आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकाशी माझा संबंध आजारी पडण्यापुरता. तेव्हा विषय मला जसा समजत गेला तसाच मांडते.

या विषयाकडे मी वळले ती घरातल्या बोलण्यामुळे. आमचे घर मच्छीमारांचे. माझा चुलतभाऊ गोव्यात ट्रॉलरवर खलाशी आहे. तिथे जेटीवर पडून त्याची मांडी मोडली. १०८ ची गाडी आली. आत डॉक्टर नव्हता, एक प्रशिक्षित तरुण होता. त्याने पाय फळीला नीट बांधला, केंद्रातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतले आणि भावाला इस्पितळात पोहोचवले. हे ऐकून काकी म्हणाली, "म्हणजे डॉक्टर नव्हताच? मग पाठवला तरी कोणाला?" पुढे आमच्या गावात आजीला रात्री दम लागला. आपल्याकडची १०८ आली, तिच्यात डॉक्टर होते. तेव्हा शेजारचे एकजण हळूच म्हणाले, "पण आयुर्वेदाचे आहेत." एका ठिकाणी डॉक्टर नाही म्हणून शंका, दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर आहे तरी शंका! यातले बरोबर कोण, हे शोधता शोधता मी वाचत गेले.

या कामाच्या पायऱ्या समजून घ्यायला अमेरिकेचे उदाहरण सोयीचे आहे. १९६० च्या दशकात तिथल्या रुग्णवाहिका-सेवेचा जवळजवळ निम्मा भाग अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांच्या हाती होता. आडवे झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे, एवढेच त्याचे कारण. १९६६ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला आणि या अवस्थेवर बोट ठेवले. १९७० मध्ये अशा कामगारांची परीक्षा घेणारी राष्ट्रीय नोंदणी संस्था स्थापन झाली. तरीही प्रत्येक राज्य आपापली प्रमाणपत्रे काढीत राहिले. १९९६ मध्ये मोजले तेव्हा देशभरात किमान ४४ निरनिराळे दर्जे आढळले. अखेर २००७ मध्ये चार पायऱ्यांचा राष्ट्रीय नमुना ठरला.

त्या चार पायऱ्या अशा. पहिली, प्रथम प्रतिसादक : रक्तस्राव थांबवणे, छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचा प्रयत्न करणे. दुसरी, आणीबाणी वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे ई.एम.टी. : प्राणवायू देणे, मोडलेले हाड बांधणे, प्रसूतीला मदत करणे. हे शिक्षण साधारण दीडशे तासांचे असते. तिसरी, प्रगत तंत्रज्ञ : शिरेतून सलाईन आणि मोजकी औषधे देणे. चौथी, पॅरामेडिक : हृदयाचा आलेख वाचणे, श्वासनलिकेत नळी घालणे, हृदयविकाराची औषधे देणे. यासाठी हजाराहून अधिक तासांचे शिक्षण लागते. हा नमुना सर्वांपुढे असला, तरी परवाना मात्र आजही प्रत्येक राज्यच देते.

इतर देशांनी निराळे मार्ग धरले. फ्रान्समध्ये गंभीर रुग्णासाठी डॉक्टरच गाडीतून जातो. जर्मनीत डॉक्टरही जातो, आणि त्याच्या जोडीला तीन वर्षे शिकलेला कर्मचारी असतो. त्याच्यासाठी २०१४ पासून स्वतंत्र कायदा आहे. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला 'पॅरामेडिक' म्हणवून घेणे हा गुन्हा आहे, आणि २०२१ पासून नोंदणीसाठी तिथे पदवीची पातळी ठरली आहे. थोडक्यात, जगात दोन विचार आहेत. एक म्हणतो, डॉक्टरला रुग्णाकडे न्या. दुसरा म्हणतो, प्रशिक्षित माणूस पाठवा आणि रुग्णाला लवकर डॉक्टरकडे आणा.

आपल्या देशात हे दोन्ही विचार शेजारी शेजारी नांदतात. राज्यघटनेप्रमाणे सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. १०८ ची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली आणि तिथून राज्याराज्यांत पसरली. क्रमांक सगळीकडे एकच राहिला, गाडीतला माणूस मात्र ज्या राज्यात जसा उपलब्ध होता तसा आला. तामिळनाडूने विज्ञानाचे पदवीधर आणि परिचर्या शिकलेले तरुण घेऊन त्यांना प्रशिक्षण दिले. केरळमध्ये परिचारिका मुबलक, तिथे २०१९ च्या सेवेत त्यांनाच गाडीवर नेमले. गोव्यात २००८ पासून ही सेवा आहे आणि गाडीत साधारणतः तंत्रज्ञ असतो.

महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या : २३३ प्रगत सोयींच्या आणि ७०४ मूलभूत सोयींच्या. दोन्ही प्रकारांत डॉक्टर ठेवण्याचे ठरले आणि ते बहुतेक आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचे पदवीधर घेतले गेले. याचे कारण उघड आहे. अशी महाविद्यालये आपल्याकडे पुष्कळ आहेत. शिवाय आयुर्वेदाच्या पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा देणारी अधिसूचना राज्याने १९९२ मध्येच काढली होती. म्हणजे बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला, की क्रमांक तोच, सायरन तोच, पण मागच्या बाकावरचा माणूस बदलतो.

गंमत अशी की गाडीचे प्रकार आपण देशभर एकसारखे ठरवून टाकले आहेत. रुग्णवाहिकांच्या राष्ट्रीय संहितेत अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत : प्रथम प्रतिसादाचे वाहन, रुग्ण नेण्याचे वाहन, मूलभूत जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. गाडीची लांबी-रुंदी ठरली, दिव्याचा रंग ठरला. माणसाच्या बाबतीत असा प्रयत्न पुष्कळ उशिरा झाला. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात आणीबाणी वैद्यकीय तंत्रज्ञाचा एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून उल्लेख आला. राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा आणि नोंदवही यांची तरतूदही त्यात आहे. तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालायचे असेल, तर ही नोंदवही पुरी होणे महत्त्वाचे आहे.

आता काकीच्या आणि शेजाऱ्यांच्या शंकेकडे येऊ. माझ्या मते दोघांचाही प्रश्न चुकीच्या जागी होता. पदवी कोणती, हे विचारण्याआधी विचारायला हवे, की या माणसाने आणीबाणीचे काम हाताने केले आहे काय? साडेपाच वर्षे शिकलेल्या डॉक्टरालाही हलत्या गाडीत श्वासाची नळी घालण्याचा सराव नसेल, तर त्या पदवीचा रुग्णाला त्या क्षणी उपयोग नाही. उलट तंत्रज्ञ कितीही तरबेज असला, तरी कायद्याने त्याला औषध देण्याची मुभा नसेल, तर त्याचे हात बांधलेलेच. शिक्षण, सराव आणि मुभा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच पायरी पुरी होते.

आणि चौथी गोष्ट अंतराची. ती रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. श्रीवर्धनहून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात यायचे तर दिघी-आगरदांडा फेरीबोट धरा, नाहीतर म्हसळा-माणगावचा वळसा घाला. शहरात इस्पितळ दहा मिनिटांवर असेल, तर खालच्या पायरीचा माणूसही पुरतो. आपल्याकडे तोच माणूस तास-दीड तास रुग्णाबरोबर एकटा असतो, तेव्हा इथे वरची पायरी हवी. पण आपल्याकडे बहुधा उलटे होते. आमच्या आळीतल्या एका रुग्णाला एकदा खाजगी गाडीने हलवले, तेव्हा मागे बसायला कोणी नव्हतेच. ड्रायव्हर पुढे, नातेवाईक मागे, आणि प्राणवायूच्या नळकांड्याची चावी कशी फिरवायची हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

मात्र वरची पायरी गाडीत बसवून सगळे भागत नाही. हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. इतक्या वेळात कोणतीही गाडी मुरूडच्या किंवा दिवेआगरच्या पुळणीवर पोहोचणार नाही. बुडालेल्या माणसाला तर आधी श्वास द्यावा लागतो, कारण त्याचे हृदय थांबते ते प्राणवायूवाचून. हे काम जवळ उभा असलेलाच करू शकतो : जीवरक्षक, नाखवा, घोडागाडीवाला.

जवळच्या माणसाला ज्ञान मिळाले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचूदंशाने माणसे दगावत होती. त्यांनी रुग्णांशेजारी बसून लक्षणे टिपली, ती १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध त्यांनी या दंशावर वापरात आणले. मृत्यूंचे प्रमाण कितीतरी खाली आले. ते औषध तोंडाने घेण्याची गोळी आहे. ती खेड्यातल्या केंद्रात, पहिल्या माणसाच्या हाती आली, यातच तिचे यश होते.

दुसरे उदाहरण दूरचे, पण मला फार जवळचे वाटले. १९६७ मध्ये अमेरिकेच्या पिट्सबर्ग शहरात 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका-सेवा सुरू झाली. डॉ. पीटर साफर यांनी तिच्यासाठी गरीब वस्तीतले बेकार कृष्णवर्णीय तरुण निवडले. त्यांतले काहीजण शाळाही पुरी न केलेले होते. हेच तरुण त्या देशातल्या पहिल्या पॅरामेडिकांत गणले जातात. ज्यांना कोणी काही शिकवण्यालायक समजत नव्हते, त्यांनी जीव वाचवण्याची विद्या आत्मसात केली.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. म्हणून 'पायरी' या शब्दाचे मला थोडे अप्रूप आहे. वर चढण्याचा रस्ता दिसत असेल, तर सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहण्यात कमीपणा नसतो. जेटीवरच्या पोराला प्रथम प्रतिसादकाचे शिक्षण मिळावे, त्यातून त्याला तंत्रज्ञ होता यावे, आणि गोव्यात मिळवलेला कागद रायगडात चालावा, एवढे झाले तरी किनाऱ्याचे पुष्कळ काम होईल. २०२४ च्या सुमारास राज्याने १०८ साठी जी नवी योजना आखली, तिच्यात बोट-रुग्णवाहिकाही धरल्या आहेत. बोट चालवायला आमची माणसे आहेतच. तिच्यात रुग्णाशेजारी कोण बसणार, हे मात्र आतापासून विचारायला हवे.