आशाबाई, डिस्को आणि आमचं माजघर

मैत्रिणींनो, दिवाळीच्या फराळात चकल्यांचा घाणा हा मोठा नाजूक प्रकार. तेल जरा जास्त तापलं की चकली वरून लाल आणि आत कच्ची, कमी तापलं की तेल पिऊन मऊ. त्या वेळी चुलीपाशी कुणी भांडू नये, असा आमच्या घरचा जुना नियम आहे. यंदा तो मोडला, आणि तोही एका गाण्यापायी!

झालं असं, की माझ्या मुलीनं मोबाईलवर जुनी गाणी लावली होती. त्यात ‘नमक हलाल’ या १९८२ सालच्या चित्रपटातलं आशाबाईंचं डिस्कोच्या ठेक्यावरचं गाणं लागलं. सोऱ्या दाबता दाबता सासूबाई म्हणाल्या, “बंद कर वं ते. सणासुदीचं काय लावते!” झारा घेऊन कढईपाशी बसलेल्या काकू, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, एरवी थोरल्या जावेपुढे ब्र काढत नाहीत. पण त्या पटकन बोलल्या, “राहू द्या ना ताई. मले आवडते ते.”

झाली सुरुवात. सासूबाईंचं म्हणणं तुमच्यापैकी अनेकींना पटेल. त्यांनी आशाबाईंना रेडिओवर ऐकलं ते भावगीतांतून, नाट्यपदांतून. गाणं लागलं की हातातलं काम टाकून वहीत शब्द उतरवायचे, एक ओळ निसटली तर पुढच्या खेपेची वाट पाहायची. आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांची गझल हृदयनाथांच्या चालीत आशाबाई गायच्या, तेव्हा त्यांना अगदी घरचं माणूस गातंय असं वाटायचं. “आणि मंग तिनंच ते ढणढणाट गायला घेतलं. कोणाले सांगावं? आपली माणूस परकी झाल्यासारखं वाटलं मले.”

आता जरा मागे जाऊ या, कारण रागाच्या भरात आपण क्रम विसरतो. मास्टर दीनानाथांची ही लेक ८ सप्टेंबर १९३३ रोजी जन्मली. १९४२ मध्ये वडील गेले आणि पुढच्याच वर्षी, दहा वर्षांची असताना, ती ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी गायली. पुढं हिंदीत बरीच वर्षं तिच्या वाट्याला आली ती दुसऱ्यांनी नाकारलेली, खलनायिकांची, क्लबातली गाणी. १९५७ च्या ‘नया दौर’नं नायिकेची गाणी दिली. १९६६ च्या ‘तीसरी मंझिल’मध्ये राहुलदेव बर्मन यांनी पाश्चात्त्य वळणाची एक चाल पुढं ठेवली, तेव्हा हे आपल्याला जमणार नाही असंच आशाबाईंना वाटलं होतं. बर्मन चाल बदलायला तयार होते. बाईंनी नको म्हटलं, दहा दिवस सराव केला, आणि मग गाणं पुरं केलं. म्हणजे हे वळण सहजासहजी आलं नव्हतं. त्यामागे रियाज होता.

गंमत पाहा. १९८१ साली ‘उमराव जान’ आला. खय्याम यांनी आशाबाईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं, त्या गझलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि लगेच पुढच्या वर्षी बप्पी लाहिरींचं ‘नमक हलाल’! थोडक्या अंतरात एकाच गळ्यानं लखनौची मैफलही रंगवली आणि डिस्कोही. काही रसिकांनी पहिल्यासाठी डोक्यावर घेतलं, आणि दुसऱ्यासाठी नाक मुरडलं.

या बप्पीदांवरही हाच आरोप होता. १९७६ च्या ‘चलते चलते’मध्ये गोड चाली देणारा हा माणूस १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’नंतर केवळ डिस्कोचा झाला, असं लोक म्हणत. २०२२ मध्ये ते गेले, तेव्हा मात्र त्याच गाण्यांनी हळहळणारे कितीतरी निघाले.

आणि हे केवळ आपल्याकडचं नाही बरं का! रॉक गाणारा इंग्लंडचा रॉड स्टुअर्ट १९७८ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर गायला. रेकॉर्ड तुफान खपली, पण जुने चाहते म्हणाले, यानं आम्हाला विकलं. बेंगळूरचा बिद्दू तरुणपणी बँडमध्ये इंग्रजी गाणी गायचा. लंडनला जाऊन तो डिस्कोचा संगीतकार झाला, आणि १९८० मध्ये ‘कुर्बानी’साठी त्यानं पंधरा वर्षांच्या नाझिया हसनला गायला लावलं. अमेरिकेत तर राग इतका विकोपाला गेला, की १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर लोकांनी आणलेल्या डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटानं उडवल्या. प्रेक्षक मैदानात घुसले, गवत जळलं आणि दुसरा सामनाच रद्द करावा लागला. एका गाण्याच्या प्रकारावर एवढा राग! पुढं पुष्कळांनी म्हटलं, की राग नुसत्या ठेक्याचा नव्हता. ते गाणं काळ्या लोकांच्या, समाजानं बाजूला सारलेल्यांच्या नाचघरांतून वर आलं होतं आणि त्यात बायकांचे आवाज पुढे होते. तेच कित्येकांना खुपत होतं.

तरीही सासूबाईंचा राग मी उडवून लावणार नाही. त्याला गाण्यातलंच एक कारण आहे. आपल्या भावगीतात, नाट्यपदात तबला गाणाऱ्याला सांभाळून घेतो. एखादी जागा लांबवली, शब्दावर थांबलं, तर तबलजी वाट पाहतो. डिस्कोत उलट असतं. मोठ्या ढोलाचा ठोका दर मात्रेवर सारखा पडत राहतो, मिनिटाला साधारण एकशेवीस, घड्याळासारखा. तो कुणासाठी थांबत नाही, कारण तो नाचणाऱ्या पायांसाठी असतो. मग गळ्याला थांबायला जागाच उरत नाही. ज्यांनी आशाबाईंवर प्रेम केलं ते त्या थांबण्यावरच केलं होतं, त्यांना चुकल्यासारखं वाटणारच. त्यांचं काहीतरी खरोखरच हरवलं होतं.

पण हे बोलणं चाललं असताना काकूंनी झारा खाली ठेवला. म्हणाल्या, “ताई, मी ८३ साली या घरात आली. मामंजींपुढे हसायची सोय नोती. बाहेर जायची सोय नोती. गणपतीत लाऊडस्पीकरवर हे गाणं लागे. मी मागच्या खोलीत भाकरी थापू अन् माझे पाय हालत. तेवढंच माझं होतं या घरात. मंग भावानं खामगावहून कॅसेट आणून देल्ली. लुगड्याखाली पेटीत ठेवली होती म्या. दुपारी तुम्ही झोपल्या का लावू, अगदी बारीक आवाजात.”

चकल्यांचा एक घाणा जळला. कुणाचंच लक्ष नव्हतं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या, “काहून नाही सांगतलं मले?”

“तुम्ही बंद कर म्हटलं असतं ना.”

मैत्रिणींनो, त्या उत्तरानं मी चपापले, कारण ते वाक्य मलाच लागू होतं. मी इथे जळगाव जामोदला एका शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्या नववीतली एक मुलगी फार गोड गाते. दर स्नेहसंमेलनात अभंग किंवा भावगीत तिचंच. यंदा संमेलनाची नावं द्यायची वेळ आली तेव्हा ती एका नव्या चित्रपटातलं ठेक्याचं गाणं घेऊन आली. मी ऐकूनही न घेता म्हणाले, “अगं, हे तुझ्या गळ्याला शोभत नाही.” तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी यादीतून तिचं नावच गायब. मला वाटलं, रुसली असेल, येईल आपोआप. तिचं कौतुक करणारी मीच सगळ्यांत पुढे, आणि तिचं गाणं बंद करणारीही मीच! तिच्या गळ्यावर माझा काही हक्क आहे, असं मी धरूनच चालले होते.

चाहत्याचं असंच होतं ना? आपण ज्या आवाजावर प्रेम करतो तो आपल्या आवडत्या जागी खिळून राहावा असं वाटतं. घरातल्या माणसांचंही आपण हेच करतो. पोळ्या लाटणारी जाऊ एकदम स्कूटी शिकायची म्हणते, चाळिशीतली बहीण केस कापून येते, भजनी मंडळातली मावशी नाचाच्या वर्गाला जाते, आणि आपण म्हणतो, “तुला हे शोभत नाही.” आशाबाई बासष्टाव्या वर्षी, १९९५ मध्ये, ‘रंगीला’साठी गायल्या तेव्हा वय आठवून भुवया उंचावणारे होतेच. १९९७ मध्ये त्यांनी लेस्ली लुईस यांच्याबरोबर पॉप गाण्यांचा ‘जानम समझा करो’ काढला. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या कॉर्नरशॉप नावाच्या बँडनं चक्क आशाबाईंवर इंग्रजी गाणं केलं, आणि त्याची नाचाच्या ठेक्यावरची आवृत्ती १९९८ साली तिथं पहिल्या क्रमांकावर गेली. नापसंती सगळ्यांच्या कानी होती. पण बाईंनी भावगीतही सोडलं नाही आणि ठेकाही सोडला नाही.

सुट्टी संपल्यावर मी त्या मुलीला बोलावलं. “तुझं ते गाणं म्हण पाहू,” म्हटलं. ती नम्रपणे म्हणाली, “आता नको बाई. मी समूहनृत्यात नाव दिलंय.” मी काय बोलणार? चूक सुधारायला गेलं म्हणजे ती सुधारतेच असं नाही. संमेलनात मी पुढच्या रांगेत बसून तिचा नाच पाहिला. पुढच्या वर्षी नावं मागताना मी आधी ऐकेन आणि मग बोलेन, एवढं ठरवलं आहे.

तुम्हीही एक करून पाहा. आठवड्यातून एका संध्याकाळी, टीव्ही बंद करून, घरातल्या प्रत्येकानं आपल्या आवडीचं एकेक गाणं लावायचं. आजीचंही आणि नातीचंही. नियम दोनच. गाणं अर्ध्यात बंद करायचं नाही, आणि संपल्यावर “मला आवडलं नाही” म्हणायची मुभा आहे, पण “तुला शोभत नाही” म्हणायची नाही. लावणाऱ्यानं ते गाणं आपल्याला कधी आणि का आवडलं, हे दोन वाक्यांत सांगायचं. पाहा, घरातल्या माणसांविषयी काय काय कळतं ते! एका छपराखाली चाळीस वर्षं काढलेल्या दोन जावांना एकमेकींच्या दुपारी ठाऊक नव्हत्या.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर सासूबाई माझ्या मुलीला म्हणाल्या, “लाव वं तुह्या काकूआजीचं ते गाणं. आवाज कमी ठेव फक्त.” गाणं पुरतं वाजलं. काकूंचा पाय पाटावर हलत होता. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं, जसं त्या भावगीत ऐकतात तसं. आवडलं असं काही म्हणाल्या नाहीत. पदर सावरत उठल्या आणि जाता जाता बोलल्या, “गळा तं तोच हाये वं.”