भन्तेजींचं ताट आणि आपलं भोजनदान

आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने विहारात भोजनदानाच्या पाळ्या लागतात. ज्या घरची पाळी, त्या घरी पुरी, बटाट्याची भाजी, खीर, वर बुंदी. भन्तेजींना कमी कसं पडू द्यायचं?

एका वर्षी संध्याकाळच्या वंदनेला आमच्या भन्तेजींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. ग्लुकोमीटर माझ्या पिशवीतच असतो. साखर फार खाली उतरली होती. साखरपाणी पाजलं, तेव्हा सावरले. मग कळलं, मधुमेहाची गोळी दोन वेळा चालू होती. आणि दुपारी बारानंतर भिक्खू जेवत नाहीत, हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

भिक्खूने स्वतःसाठी आवडीचं मागायचं नसतं, आजारी असेल तरच विनयात सूट आहे. पात्रात पडेल ते खायचं. म्हणजे त्यांची तब्येत आपल्या कढईवर अवलंबून! थायलंडमध्येही उपासकांचं गोडधोड आणि दुपारनंतरची साखरेची पेयं यांमुळे भिक्खूंमध्ये मधुमेह, लठ्ठपणा वाढला. शेवटी 2017 साली तिथे भिक्खूंच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय सनद करावी लागली.

महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसार झालेला भिक्खू मलमूत्रात पडून होता, कुणी बघत नव्हतं. भगवंतांनी स्वतः पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही तिथेच सांगितलेत: पथ्य-अपथ्य कळावं, लोभ नसावा, घाण काढताना किळस नसावी. नर्सिंगच्या पुस्तकात मला याहून वेगळं काही शिकवलं नाही. आजाऱ्यानेही दुखणं लपवू नये, असं तिथे आहे. आपले भन्तेजी मात्र संकोचाने गप्प बसतात. तेव्हा ताई-दादांनो, आपणच विचारायचं.

पाळीच्या दिवशी भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी करा. खीर हवीच तर अर्धी वाटी, आणि साखर असलेल्यांना नाहीच. दुपारनंतर सरबत, कोल्ड्रिंकऐवजी साधं पाणी द्या. दवाखान्यात एक उपासक सोबत जावा आणि एकवेळच्या जेवणाचं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. गोळीची मात्रा आपण कमी-जास्त करायची नाही, ती तेच ठरवतील.

आणि विहारात गुळाचा डबा ठेवा. घाम, थरथर, चक्कर दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच गूळ-पाणी द्या. विनयात गूळ औषधांतच धरला आहे, बारा वाजून गेले म्हणून थांबू नका. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.