हजेरीपटाबाहेरचे मृत्यू

पोटासाठी परमुलखी निघालेल्या मुलाला घरची मंडळी “जपून राहा” असे सांगतात. परंतु कोणत्या कामात कशापासून जपावयाचे, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

गुजरात राज्याचेच उदाहरण घ्या. १८ मे २०२२ रोजी हळवद येथे मिठाच्या कारखान्याची भिंत कोसळून १२ मजूर ठार झाले. १ एप्रिल २०२५ रोजी डीसा येथे फटाक्यांच्या गुदामात स्फोट होऊन २१ जणांचा अंत झाला. त्यांतील बहुतेक जण मध्य प्रदेशातून कामासाठी आलेले होते. अशा मृत्यूंची बातमी होते, चौकशी होते.

दुसरा मृत्यू मैल्याच्या टाकीत दबा धरून बसलेला असतो. जून २०१९ मध्ये बडोदे जिल्ह्यातील डभोई तालुक्यात एका हॉटेलची अशी टाकी साफ करताना ७ जण गुदमरून मेले. टाकीतील विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. एक खाली कोसळला की त्याला वाचविण्यास दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. माणसाला असे उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केलेली आहे. अशा मृत्यूबद्दल वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

तिसरा मृत्यू सर्वांत मुकाट. गोध्रा परिसरातील कारखान्यांत गारगोटीचे दगड दळून पूड करतात. झाबुआ, अलिराजपूर व धारकडील आदिवासी तेथे कामाला जात. ती बारीक धूळ फुप्फुसांत रुतून बसते आणि फुप्फुसे हळूहळू निबर होतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. खोकला व दम पाहून पुष्कळदा क्षयाचे औषध दिले जाते. पण त्याने हा रोग बरा होत नाही. मजूर गावी परततो व तेथेच प्राण सोडतो. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते; मग मृत्यूची नोंद कोण ठेवणार? अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. त्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले.

म्हणून, वाचकहो, मुलगा कामावर निघाला म्हणजे एवढे अवश्य सांगा. मुकादमाचे व मालकाचे नाव, कारखान्याचा पत्ता आणि मजुरीची चिठ्ठी घरी जपून ठेवावी. धुळीच्या कामात तोंडाला बांधलेला साधा रुमाल पुरेसा नसतो. पाणी मारून धूळ बसविणे व ती ओढून घेणारे यंत्र असणे जरूर आहे. डॉक्टरांपुढे दुखण्याबरोबर आपला धंदाही सांगावा. आणि मैल्याच्या टाकीत कोणी पडला, तर मदतीसाठी अग्निशामक दलाला हाक द्यावी, स्वतः खाली उतरू नये.

मजुरी बुडाली तर पुन्हा मिळविता येते. घरचा कर्ता माणूस गेला, म्हणजे मागे उरतो तो एक कागद. आणि तोही जपला असेल तरच.