एडिटिंग फुकटात, तेही राजरोस!

फेस्टसाठी शॉर्टफिल्म शूट करायला आता मोबाइल पुरतो. गाडी अडते ती एडिटिंगपाशी. सॉफ्टवेअरचं भाडं दरमहा भरायचं तर पॉकेटमनी संपतो, ट्रायल व्हर्जन ऐन क्लायमॅक्सवर वॉटरमार्क छापतं. मग हॉस्टेलमधल्या कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून ‘क्रॅक’ येतो. सोबत व्हायरस आला की फुटेजसकट लॅपटॉप बसतो.

हा उद्योग करायची गरजच नाही. केडेनलाइव्ह, शॉटकट आणि ओपनशॉट ही तिन्ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतात. ना वॉटरमार्क, ना फी. उद्या यूट्यूबवरून कमाई सुरू झाली तरी कुणी पैसे मागायला येत नाही. ‘दा विंची रिझॉल्व्ह’चं फ्री व्हर्जनही भारी आहे, पण ते ओपन सोर्स नाही आणि त्याला ग्राफिक्स कार्ड तगडं लागतं.

ओपनशॉट शिकायला सोपं. तरी फिल्म जरा मोठी असेल तर माझं मत केडेनलाइव्हला. कारण, प्रॉक्सी! फोर-के फुटेज जुन्या लॅपटॉपवर अडखळतं. प्रॉक्सी ऑन केलं की प्रत्येक क्लिपची हलकी कॉपी तयार होते. कट मारायचे त्या कॉपीवर, फायनल रेंडर मात्र ओरिजिनलवरूनच होतं.

मोबाइलवाल्यांची आणखी एक डोकेदुखी म्हणजे ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. बरेच फोन शूट करताना फ्रेम रेट कमीजास्त करतात, त्यातून हे होतं. अशी क्लिप उघडली की शॉटकट स्वतःच ‘कन्व्हर्ट करू का?’ विचारतं. जागा जास्त खाईल, पण हो म्हणा. टायटल्ससाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्त, बलू हे देवनागरी फॉण्ट मोफत मिळतात.

‘फुकटचं म्हणजे हौशी’ असं म्हणणाऱ्या मित्राला ‘फ्लो’ दाखवा. २०२५मध्ये ऑस्कर जिंकलेली ही लाटव्हियन ॲनिमेशन फिल्म ब्लेंडर या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर बनली आहे. (ब्लेंडरमध्येही व्हिडिओ एडिटर आहे, पण सुरुवात तिथून नको.)

आणि हो, प्रोजेक्ट फाइलमध्ये फुटेज नसतं, फक्त त्याचा पत्ता असतो. नुसती तीच फाइल कॉपी करून लॅबमध्ये गेलात तर सगळ्या क्लिप गायब. केडेनलाइव्हच्या प्रोजेक्ट मेन्यूतलं ‘अर्काइव्ह प्रोजेक्ट’ सगळं एकत्र गोळा करून देतं. सबमिशनच्या आदल्या रात्री तेवढं करा.