कुंडीतला कच

मृग नक्षत्र जवळ आलं की पुण्यातल्या गच्च्यांवर अडेनियमच्या कुंड्या रिकाम्या होऊ लागतात. पावसाळ्यात मुळांशी पाणी साचलं तर या झाडाचं फुगीर खोड बुडापासून मऊ पडतं, आणि सड वर चढली की झाड सहसा वाचत नाही. म्हणून जुनी माती झाडायची, मुळं तपासायची, नव्या मातीत दगडी दाण्यांचा कच मिसळायचा. हा कच नसला की अनेक जण शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर क्रश सँड आणतात.

गफलत तिथंच होते. क्रश सँड गवंड्याच्या कामाची. मोठ्या कणांच्या फटींत मधले, मधल्यांच्या फटींत बारीक कण बसावेत आणि पोकळी उरू नये, असा तिचा हिशोब असतो. आयएस 383 या भारतीय मानकानुसार तिच्यात 75 मायक्रॉनहून बारीक भुकटी 15 टक्क्यांपर्यंत चालते. काँक्रीटला ती चालते. कुंडीत मात्र ती मातीच्या फटी बुजवते. झाडाच्या मुळांना तर पोकळीच हवी. तेव्हा दगड कोणता याच्या आधी दाणा केवढा, आणि दाणे एकसारखे आहेत का, हे पाहायला हवं.

जाणता माळी त्यासाठी दोन चाळण्या घेऊन बसतो. खडी क्रशरवरचा काळ्या दगडाचा कच आधी पाच-सहा मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो, मग मच्छरजाळीवर हलवतो. जाळीवर राहिलेले दाणे तेवढे ठेवायचे. ते बादलीत ढवळले की पहिलं पाणी दाट राखाडी निघतं. पाणी नितळ दिसेपर्यंत धुणं थांबवायचं नाही.

विटांचे तुकडेही चांगले, कारण ते थोडं पाणी धरतात आणि हवाही खेळू देतात. वीट मात्र पक्की भाजलेली हवी. कच्ची वीट पाण्यात विरघळून पुन्हा माती होते. समुद्राची वाळू नकोच. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. संगमरवराच्या चिपांवर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात, तो चुना. अनंत किंवा एक्झोराच्या कुंडीत तो गेला तर पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

बाल्कनीत वजनाचाही विचार करावा लागतो. लिटरभर दगडी कच साधारण दीड किलो भरतो, त्याऐवजी परलाइट घेतलं तर तेवढंच शंभर-दीडशे ग्रॅम. परलाइट वापरण्याआधी ओलं करावं, त्याची धूळ नाकाघशाला त्रास देते.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत घराघरांत आहे. तिचा उपयोग होत नाही. बारीक फटींमधलं पाणी मोठ्या फटींत सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतं. माती सांडू नये म्हणून भोकावर एक खापरी पुरे. कच सगळ्या मातीत मिसळलेला हवा आणि पुरेसा हवा: अडेनियम, निवडुंगाला आकारमानाने निम्मा, गुलाब-जास्वंदीला पाव हिस्सा. चिकट काळ्या मातीत मूठभर कच घालून काही साधत नाही, तो तिच्यात नुसता रुतून बसतो.

कच धुतल्यावर बादलीत राहिलेला गाळ मोरीत मात्र ओतू नका. तो पाइपात बसून घट्ट होतो.