फासे गेले, भूमिका कुठं गेली? : ‘मास इफेक्ट २’चा धडा

आजचा आपला प्रश्न तसा साधा आहे. रोल-प्लेइंग गेममधली ‘भूमिका’ नेमकी राहते कुठं? पात्राच्या आकड्यांत, खेळणाऱ्याच्या हातात, की त्याच्या निर्णयात? ‘मास इफेक्ट’चे दोन भाग शेजारी ठेवले की याचं उत्तर बरंच स्पष्ट होतं.

कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा पहिला भाग २००७ साली आला. आपण कमांडर शेपर्ड, सोबत दोन साथीदार, हातात बंदूक. दिसायला हा गोळीबाराचा खेळ. पण आतून काय चाललंय बघा. पिस्तुलाच्या कौशल्यात गुण घातले नसतील, तर नेमाचं वर्तुळ मोठं राहतं आणि गोळ्या फाकतात. शत्रू समोर आहे, आपण नेमही बरोबर धरलाय, तरी गोळी चुकते! कारण आपण तयार असलो तरी शेपर्ड अजून कच्चा आहे. हा वारसा १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा. तिथं टेबलावर फासे टाकून वार लागला की नाही ते ठरायचं. टेबलावर ते पटतं. पडद्यावर मात्र डोळ्यांना एक दिसतं आणि निकाल दुसराच लागतो.

त्यात सामानाचा पसारा. एकाच बंदुकीच्या एक ते दहा श्रेणी, १५० वस्तूंची मर्यादा, आणि ती भरत आली की नको त्या वस्तू वितळवत बसायचं. लढाईपेक्षा आवराआवरीच जास्त.

जानेवारी २०१० मध्ये दुसरा भाग आला आणि यातलं बरंच काही कापलं गेलं. बंदुकीची कौशल्यं गेली. आता नेम धराल तिथं गोळी लागते. पहिल्या भागात गोळ्या अमर्याद होत्या, फक्त बंदूक तापायची. आता थर्मल क्लिप आल्या, म्हणजे व्यवहारात मोजक्या गोळ्याच. आडोसा धरला की तब्येत आपोआप भरून येते. पूर्वी प्रत्येक शक्तीला स्वतःचा वेगळा विश्रांतीकाळ होता. आता एक शक्ती वापरली की बाकीच्याही थोडा वेळ बंद. म्हणून ‘सगळं एकदम फेकू’ हे चालत नाही. आत्ता काय वापरायचं ते ठरवावं लागतं. शत्रूंनाही ढाल, चिलखत, बायोटिक आवरण असे थर मिळाले. प्रत्येकाचा तोड वेगळा.

आता तुम्ही म्हणाल, मग हा नुसता गोळीबाराचाच खेळ झाला की! ही तक्रार तेव्हाही झाली, आणि ती पोकळ नाही. पण आमचं म्हणणं असं की भूमिका संपली नाही, तिनं जागा बदलली. बंदुकीतून निघाली आणि माणसांत आली.

कसं ते सांगतो. या भागाचा गाभा म्हणजे शेवटची आत्मघातकी मोहीम. तिच्यासाठी आपण माणसं जमवतो. प्रत्येकाचं एक जुनं दुखणं असतं, ते मिटवलं की तो निष्ठावान होतो. शेवटी हिशेब होतो तो याचा. जहाजाचं चिलखत, ढाल आणि तोफ सुधारली नसेल, तर राहिलेल्या प्रत्येक सुधारणेमागे एक साथीदार वाटेतच मरतो. पुढं कामं वाटावी लागतात. नळ्यांमधून कोण जाईल? दुसऱ्या तुकडीचं नेतृत्व कोण करेल? थव्यापासून वाचवणारं बायोटिक कवच कोण धरेल? मिरांडा आत्मविश्वासानं पुढं येते. तिला निवडलंत, तर ती निष्ठावान असली तरी दुसरं कुणीतरी दगावतं. हे काम जॅक किंवा समारासारख्या जबर ताकदीच्या बायोटिकचं. आणि मोर्डिन? अफाट बुद्धीचा शास्त्रज्ञ, पण मागं थांबून मोर्चा सांभाळणारी माणसं कमजोर पडली, तर पहिला बळी त्याचाच.

म्हणजे आकडे आहेतच, फक्त दिसत नाहीत. ते ओळखायचे तर माणसं ओळखावी लागतात. कोण काय बोललं, कोण कशाला घाबरतं, हे लक्षात ठेवावं लागतं. चुकलो तर गोळी वाया जात नाही, सोबती जातो. आणि तो गेलेला माणूस, जपून ठेवलेल्या सेव्ह फाइलमुळे, तिसऱ्या भागातही परत येत नाही.

किंमत मात्र मोजली गेली, तीही सांगायला हवी. ज्याचा हात चपळ नाही, पण हिशेब पक्का आहे, अशा खेळाडूला पहिल्या भागात स्वतःचं कौशल्य पात्राच्या अंगात घालता येत होतं. दुसऱ्या भागात खेळ थांबवून शक्ती निवडता येतात हे खरं, पण नेम शेवटी आपल्यालाच धरावा लागतो. शिवाय आपलं पात्र शेजाऱ्याच्या पात्राहून वेगळं घडवण्याच्या वाटाही कमी झाल्या. बायोवेअरला हे जाणवलं असावं. कारण २०१२ च्या तिसऱ्या भागात बंदुकांचे सुटे भाग परत आले, शक्तींच्या वाढीला फाटे फुटले, आणि जड बंदुका घेतल्या तर शक्ती उशिरा भरू लागल्या. पसारा परत आला नाही, निवड आली.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या सीक्वेलबद्दल ‘खेळ सोपा करून टाकला’ असं ऐकलंत, तर आपण दोन प्रश्न विचारूया. काय काढलं? आणि त्या जागी आता मला कशाचा विचार करावा लागतो? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तक्रार खरी. उत्तर असेल, तर तो खेळ सोपा झालेला नाही. त्यानं अवघड गोष्ट दुसरीकडं नेऊन ठेवली आहे.